एकटा आयन आणि पाच अणू जाडीचं चुंबक: आयन ट्रॅप आणि मॅग्नेटिक थिन फिल्म सोप्या भाषेत

एखाद्या फिजिक्सवाल्या माणसाने सांगितलं की मी आयन ट्रॅपवर काम केलंय आणि मॅग्नेटिक थिन फिल्मवर पण, तर ऐकणाऱ्याला वाटतं की याने मधे विषय बदलला. एका बाजूला व्हॅक्यूममधे अधांतरी धरून ठेवलेला एकच अणू, दुसऱ्या बाजूला सिलिकॉनच्या चकतीवर चढवलेला लोखंडाचा किंवा कोबाल्टचा थर, यांचा एकमेकांशी काय संबंध? माझं म्हणणं आहे की संबंध चांगलाच घट्ट आहे. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अगदी छोटं चुंबक असतो, आणि असे मोजकेच स्पिन एकत्र आले तर ते कसे वागतात हा दोन्हीकडचा मोठा प्रश्न आहे. आयनवाला एकापासून सुरू करून वाढवत जातो, फिल्मवाला कोट्यवधींच्या ढिगापासून सुरू करून थर पातळ करत येतो. शिवाय दोघांची यंत्रं, पंप आणि रोजची डोकेदुखी पण बरीचशी एकच.

आधी आयनचं बघू.

अणूमधला एक इलेक्ट्रॉन काढून टाकला की उरतो तो आयन, त्याच्यावर प्लस चार्ज असतो, आणि चार्ज आहे म्हणजे इलेक्ट्रिक फील्डने त्याला ढकलता येतं. मग साहजिक वाटतं की चारी बाजूंनी इलेक्ट्रोड लावा, त्यांना प्लस व्होल्टेज द्या, आयन मधे अडकेल. तसं होत नाही. सॅम्युअल अर्नशॉ नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मधेच दाखवून ठेवलंय की स्थिर इलेक्ट्रिक फील्ड कितीही डोकं लावून रचलं तरी त्याने चार्ज एका जागी टिकत नाही, एका दिशेने त्याला दाबून धरलं की दुसऱ्या कुठल्यातरी दिशेने तो निसटतोच. घोड्याच्या खोगीरावर गोळी ठेवली तर ती पुढे-मागे घरंगळत नाही कारण दोन्हीकडे चढ आहे, पण डावीकडे नाहीतर उजवीकडे पडते, तसंच हे.

जर्मनीतल्या बॉनमधे वोल्फगांग पाउल यांनी १९५० च्या दशकात यावर जो मार्ग काढला तो असा, की खोगीर स्थिर ठेवूच नका, ते फिरवत ठेवा, गोळी डावीकडे घसरायला लागली की तिकडचा उतार चढ झालेला असतो. त्यांनी स्वतः हे फिरणारं खोगीर आणि गोळीचं मॉडेल बनवून दाखवलं होतं. प्रत्यक्ष ट्रॅपमधे काही फिरत नाही, चार दांड्यांना काही शे व्होल्टचं एसी व्होल्टेज देतात आणि ते सेकंदाला कोटी-दोन कोटी वेळा उलटसुलट होतं, बस.

आता इथे हुशार वाचक विचारेल की फील्ड जर अर्धा वेळ आत आणि अर्धा वेळ बाहेर ढकलत असेल तर सरासरी शून्य नाही का येणार? हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि याचं उत्तर फार सुंदर आहे, म्हणून जरा थांबून बघू. ट्रॅपच्या मधोमध फील्ड शून्य असतं आणि बाहेर जाऊ तसं वाढत जातं. वेगाने उलटसुलट होणाऱ्या फील्डमधे आयन जागच्या जागी थरथरत असतो, आणि थरथरणाऱ्या कुठल्याही वस्तूचं असं असतं की ती एका टोकाला पोचलेली असते तेव्हा तिच्यावरचा जोर विरुद्ध बाजूला असतो. म्हणजे आयन बाहेरच्या टोकाला असतो तेव्हा जोर आतल्या दिशेने, आणि आतल्या टोकाला असतो तेव्हा बाहेरच्या दिशेने. पण बाहेरच्या टोकाला फील्ड जास्त आहे ना! त्यामुळे आत ढकलणारा धक्का बाहेर ढकलणाऱ्या धक्क्यापेक्षा किंचित मोठा पडतो, दर वेळी किंचितच, पण सेकंदाला कोटी वेळा. सगळं मिळून आयन मधे येऊन बसतो. ही पकड चांगली मजबूत असते, साध्या खोलीच्या तापमानाला जी ऊर्जा असते तिच्या कितीतरी पट, म्हणून आयन तासन् तास, कधी कधी कित्येक दिवस तिथेच राहतो.

एसी व्होल्टेजऐवजी जोरदार मॅग्नेटिक फील्ड आणि स्थिर इलेक्ट्रिक फील्ड एकत्र वापरूनही ट्रॅप करता येतो, त्याला पेनिंग ट्रॅप म्हणतात, फ्रान्स पेनिंग या डच शास्त्रज्ञाचं नाव आहे ते. तो ट्रॅप खऱ्या अर्थाने उभा केला हान्स डेमेल्ट यांनी अमेरिकेत सिएटलला, आणि १९७३ मधे त्यांच्या लॅबने त्यात एकच एक इलेक्ट्रॉन धरून दाखवला. पाउल आणि डेमेल्ट दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं, अर्धा हिस्सा त्या दोघांत, उरलेला अर्धा नॉर्मन रॅमसे यांना. आणि रॅमसेंचा पीएचडीचा विद्यार्थी, जो पुढे डेमेल्टकडे पोस्टडॉक होता, तो डेव्हिड वाइनलँड, त्याला २०१२ मधे नोबेल मिळालं सर्ज हरोश यांच्याबरोबर. या क्षेत्रात घराण्यासारखी विद्या पुढे जाते हे मला फार आवडतं.

धरून ठेवलेला आयन दिसतो का? हो. कॅल्शियमच्या आयनवर जांभळट निळा लेसर सोडला की तो आयन सेकंदाला काही कोटी वेळा प्रकाश शोषतो आणि परत सोडतो, तेवढा प्रकाश कॅमेऱ्याला भरपूर होतो. १९८० मधे जर्मनीत हायडेलबर्गला बेरियमच्या एकट्या आयनचा फोटो निघाला. आणि २०१७ मधे ऑक्सफर्डच्या डेव्हिड नॅडलिंगर यांनी साध्या कॅमेऱ्याने, ट्रॅपच्या खिडकीतून, स्ट्रॉन्शियमच्या एका आयनचा फोटो काढला, दोन मिलिमीटरच्या फटीत मधोमध एक निळसर ठिपका, तो फोटो जगभर फिरला, तुम्ही पण कदाचित बघितला असेल. हाच लेसर थोडा कमी फ्रिक्वेन्सीवर ठेवला की आयनचा ब्रेक होतो, कारण मग लेसरच्या दिशेने येणाऱ्या आयनलाच तो प्रकाश बरोबर जुळतो आणि त्यालाच समोरून धक्के बसतात, त्याने आयन निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) वर एका केल्विनच्या, म्हणजे एका अंशाच्या, हजाराव्या भागापर्यंत थंड होतो. १९७८ मधे हे अमेरिकेतल्या बोल्डरच्या सरकारी प्रयोगशाळेत आणि हायडेलबर्गला, दोन्हीकडे करून दाखवलं गेलं.

याचा उपयोग काय, तर घड्याळ हा एक. बोल्डरच्या ॲल्युमिनियम आयनच्या घड्याळांनी २०१० मधे दाखवलं की एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा फक्त ३३ सेंटीमीटर उंच केलं तरी ते जरा जास्त वेगाने चालतं, आइनस्टाइनने सांगितलं होतं तसंच, फक्त एका पायरी-दोन पायऱ्यांच्या उंचीवर. आपल्या पुण्यात आयुकामधे इटर्बियमच्या आयनवर चालणारं असं घड्याळ उभारायचं काम चालू आहे. दुसरा उपयोग क्वांटम कॉम्प्युटरचा, तिथे एकेक आयन म्हणजे एकेक क्यूबिट, क्वांटम माहितीचा एक घटक. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही पण जो सगळ्यात जास्त वापरात आहे, तो म्हणजे पाउल यांचाच चार दांड्यांचा मास फिल्टर, जो आयनना वजनाप्रमाणे निवडतो. औषध कंपन्यांच्या लॅबमधली कितीतरी मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रं त्याच्यावरच चालतात. आणि थिन फिल्म बनवायच्या चेंबरला पण हेच यंत्र लावलेलं असतं, आत पाण्याची वाफ किती उरलीये, नायट्रोजन किती आहे, कुठे लीक आहे का ते बघायला. म्हणजे फिल्मवाल्याच्या चेंबरवर पाउल आधीपासूनच बसलेले आहेत.

आता फिल्मकडे येऊ.

थिन फिल्म म्हणजे किती पातळ? कोबाल्टचा एक नॅनोमीटर जाडीचा थर घेतला तर त्यात अणूंचे जेमतेम पाच मजले असतात. असा थर करायची रोजची पद्धत म्हणजे स्पटरिंग. चेंबरमधली हवा काढून टाकायची, थोडा आर्गन सोडायचा, व्होल्टेज देऊन आर्गनचे आयन बनवायचे, ते आयन जाऊन कोबाल्टच्या चकतीवर आपटतात, तिला टार्गेट म्हणतात, त्या आपटण्याने कोबाल्टचे अणू उडतात आणि समोर ठेवलेल्या सबस्ट्रेटवर, म्हणजे ज्यावर फिल्म चढवायची त्या चकतीवर, जाऊन बसतात. बघा, इथे पण आयनच आहेत, फक्त यांना कोणी धरून ठेवत नाही, यांना मुद्दाम आपटवतात.

व्हॅक्यूम एवढा चांगला का लागतो याचा हिशोब एकदा समजला की या कामाची जात कळते. चेंबरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ७६ कोटी पटीने कमी केला तरी उरलेल्या वायूचे रेणू पृष्ठभागावर इतक्या संख्येने आपटतात की ते सगळे चिकटले तर साधारण एका सेकंदात घाणीचा एक पूर्ण थर बसेल! पाच मजल्यांची फिल्म बनवताना दर सेकंदाला घाणीचा एक मजला चढत असेल तर काय उरणार. दाब अजून दहा हजार पटीने कमी केला तर तोच थर बसायला जवळजवळ तीन तास लागतात, मग काम करायला वेळ मिळतो. त्यासाठी सगळं चेंबर गरम करून कधी कधी कित्येक दिवस भाजतात, त्याला बेकिंगच म्हणतात, म्हणजे स्टीलच्या भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जातं. आयन ट्रॅपवाले पण हेच करतात आणि त्यांना याहून चांगला व्हॅक्यूम लागतो, कारण एखादा भटका रेणू आयनला धडकला की तो जागा सोडतो नाहीतर दुसऱ्याच कशाचा तरी आयन होऊन बसतो.

पातळ केल्याने चुंबकात फरक काय पडतो? साध्या लोखंडी फिल्ममधे चुंबकाची दिशा फिल्मच्या पातळीतच आडवी पडलेली असते, कारण ती उभी राहिली तर वरच्या पृष्ठभागावर सगळे उत्तर ध्रुव आणि खालच्या पृष्ठभागावर सगळे दक्षिण ध्रुव येतात आणि त्याला जास्त ऊर्जा लागते. पण लुई नील यांनी १९५४ मधे म्हटलं होतं की पृष्ठभागावरच्या अणूंना एका बाजूला शेजारीच नसतात, त्यामुळे त्यांची आवडती दिशा आतल्या अणूंपेक्षा वेगळी असू शकते. जाड तुकड्यात पृष्ठभागावरचे अणू नगण्य, त्यांना कोणी विचारत नाही. पण पाच मजल्यांच्या फिल्ममधे वरचा आणि खालचा मजला धरला तर पाचातले दोन पृष्ठभागावरचेच! मग बहुमत फिरतं, कोबाल्ट प्लॅटिनमवर एक नॅनोमीटरच्या आसपास असेल तर चुंबकाची दिशा सरळ उभी राहते. २०१० मधे जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की कोबाल्ट-लोखंड-बोरॉनचा १.३ नॅनोमीटरचा थर मॅग्नेशियम ऑक्साइडवर ठेवला तर तो पण उभा राहतो, आणि आजच्या एमरॅम मेमरीचा, म्हणजे चुंबकाच्या दिशेत माहिती साठवणाऱ्या मेमरीचा, पाया तिथे आहे.

फिल्मवाल्यांचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र १९८८ चं. पॅरिसजवळ ओर्सेला आल्बेर फेर आणि जर्मनीत युलिशला पेटर ग्र्युनबर्ग, दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट शोधली. लोखंडाचा थर, त्यावर क्रोमियमचा एक नॅनोमीटरच्या आसपासचा थर, परत लोखंड. क्रोमियमची जाडी बरोबर असेल तर दोन लोखंडी थरांची चुंबकं आपोआप एकमेकांच्या उलट्या दिशेला लागतात. आता यातून करंट पाठवला तर इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दिशा ज्या थराशी जुळते तिथून तो आरामात जातो आणि जुळत नाही तिथे जास्त आपटतो, थर उलटे असतील तर प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठेतरी आपटणारच. बाहेरून मॅग्नेटिक फील्ड लावून दोन्ही थर एका दिशेला आणले की अर्ध्या इलेक्ट्रॉनना मोकळा रस्ता मिळतो आणि रेझिस्टन्स एकदम उतरतो. फेर यांनी असे थर ६० वेळा एकावर एक रचले होते, त्यात अतिथंड तापमानाला रेझिस्टन्स जवळपास निम्मा झाला. हे थर करायला सुरुवातीला फार महाग आणि संथ पद्धत लागत होती, आयबीएममधे स्टुअर्ट पार्किन यांनी दाखवलं की साध्या स्पटरिंगने पण जमतं, आणि १९९७ मधे आयबीएमने या तत्त्वावर माहिती वाचणाऱ्या हेडची १६.८ जीबीची हार्ड डिस्क बाजारात आणली. शोधापासून बाजारापर्यंत नऊ वर्षं! मूलभूत फिजिक्समधे असं क्वचित घडतं. २००७ चं नोबेल दोघांना मिळालं.

या रस्त्यावर आपली माणसं पण आहेत. मधे धातूऐवजी इन्शुलेटरचा थर ठेवून इलेक्ट्रॉन त्यातून टनेल करतात, म्हणजे अडथळा न ओलांडता आरपार जातात, हे खोलीच्या तापमानाला नीट चालवून दाखवणाऱ्यांत १९९५ मधे एमआयटीचे जगदीश मुदेरा होते, त्याच वर्षी जपानच्या मियाझाकींनी पण दाखवलं. आणि २००५ मधे जपानच्या त्सुकुबाहून नेचर या जर्नलमधे जो पेपर आला, की असं टनेल जंक्शन रेडिओ फ्रिक्वेन्सीचा करंट पकडून त्याचा डीसी व्होल्टेज देतं, त्याचे पहिले लेखक अश्विन तुळापूरकर, जे पुढे आयआयटी मुंबईत प्रोफेसर झाले.

मग हे दोन रस्ते भेटतात कुठे?

एक जागा म्हणजे ट्रॅपचा स्वतःचा पृष्ठभाग. क्वांटम कॉम्प्युटरला खूप आयन लागतात म्हणून दांड्यांऐवजी चिपवर सोन्याचे सपाट इलेक्ट्रोड काढायला सुरुवात झाली, २००६ मधे बोल्डरला अशा चिपच्या वर ४० मायक्रोमीटरवर आयन धरून दाखवला. पण जवळ आणलेला आयन अपेक्षेपेक्षा फारच लवकर गरम होतो, आणि अंतर निम्मं केलं की हा त्रास साधारण सोळा पटीने वाढतो. आयनला कोणी हात लावत नाहीये, मग उष्णता येते कुठून? पृष्ठभागावर चिकटलेल्या अणूंच्या हालचालीमुळे इलेक्ट्रिक फील्ड सारखं थरथरत असतं, तिथून. २०१२ मधे बोल्डरच्याच गटाने ट्रॅप चेंबरमधे असतानाच त्याच्यावर आर्गनच्या आयनचा मारा करून ती घाण खरवडून काढली आणि त्रास शंभर पटीने कमी झाला. हे तंत्र फिल्मवाल्यांच्या घरचं आहे, ते कित्येक दशकं सबस्ट्रेट असेच साफ करतायत. घाणीचा नेमका कुठला भाग कसा हलतो हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही, आणि ज्याला पृष्ठभाग कळतो असा माणूस तिथे सोन्यासारखा आहे.

दुसरी जागा म्हणजे मॅग्नेटिक फील्डचा उतार. रांगेत उभे असलेले आयन एकमेकांपासून काही मायक्रोमीटरवर असतात आणि इटर्बियमच्या आयनचा स्पिन वळवायला लागणाऱ्या मायक्रोवेव्हची तरंगलांबी असते अडीच सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे एकाला सोडून शेजाऱ्याला हात लावायचा हे मायक्रोवेव्हने अशक्य वाटतं. २००१ मधे मिंटर्ट आणि वुंडरलिख यांनी सुचवलं की रांगेच्या लांबीवर मॅग्नेटिक फील्ड बदलतं ठेवा, मग प्रत्येक आयनची फ्रिक्वेन्सी वेगळी होते आणि ज्याला बोलवायचं त्याचीच फ्रिक्वेन्सी लावायची. इंग्लंडमधे ससेक्सला यासाठी समेरियम-कोबाल्टची कायमस्वरूपी चुंबकं ट्रॅपमधे बसवली. चार्ज नसलेल्या अणूंच्या बाबतीत तर चुंबकी फिल्मच ट्रॅप बनते, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधे व्हिडिओ टेपच्या तुकड्यावर ठरावीक नक्षी रेकॉर्ड करून त्यावर अतिथंड अणू धरले होते, आणि ऑस्ट्रेलियात स्विनबर्न विद्यापीठात टर्बियम-गॅडोलिनियम-लोखंड-कोबाल्टची फिल्म वापरली होती.

तिसरी जागा माझ्या मते सगळ्यात मोलाची, इथे थोडं जास्त लक्ष द्या.

लोखंड चुंबक का होतं? शाळेत वाटतं की प्रत्येक अणू छोटं चुंबक, ती एकमेकांना ओढतात आणि एका दिशेला लागतात. हिशोब केला तर शेजारच्या दोन अणूंची ही चुंबकी ओढ इतकी कमी भरते की एखाद्या केल्विनलाच उष्णता ती मोडून टाकेल. प्रत्यक्षात लोखंड ७७० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतं, म्हणजे हजार केल्विनच्या वर. तेव्हा स्पिनना एकत्र ठेवणारी गोष्ट चुंबकी ओढ नाहीच, ती इलेक्ट्रॉनमधलं विद्युत प्रतिकर्षण आणि एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत हा पाउलींचा नियम यांच्यातून येते, तिला एक्सचेंज म्हणतात. (हे ऑस्ट्रियात जन्मलेले पाउली, ट्रॅपवाले पाउल वेगळे.) फिल्ममधे शेजारच्या दोन अणूंमधलं एक्सचेंज इतकं जबरदस्त असतं की त्या दोघांची खरी चुंबकी ओढ त्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. ती ऐकायची असेल तर दोन इलेक्ट्रॉन लांब ठेवायला हवेत, आणि ते ट्रॅपमधे छान जमतं. २०१४ मधे इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधे स्ट्रॉन्शियमचे दोन आयन साधारण दोन-अडीच मायक्रोमीटरवर ठेवून एका इलेक्ट्रॉनचं चुंबक दुसऱ्याला कसं वळवतं ते मोजलं, लॅबमधला मॅग्नेटिक गोंगाट त्या परिणामाच्या दहा लाख पट होता तरी. दोन आयनची अवस्था अशी गुंफली की दोघांवर सारखा पडणारा गोंगाट आपोआप वजा होतो, आणि ती अवस्था १५ सेकंद टिकवली. पुस्तकातलं दोन चुंबकांचं सूत्र, प्रत्यक्ष दोन इलेक्ट्रॉनवर!

आणि फिल्म पातळ करत करत शेवटी अणूंचा एकच मजला उरला तर? ते पण झालं, २०१७ मधे क्रोमियम ट्राय-आयोडाइडचा एकच थर ४५ केल्विनखाली चुंबक असतो हे ज्या गटाने दाखवलं त्याची मुख्य लॅब सिएटलच्या त्याच विद्यापीठात होती जिथे डेमेल्ट यांनी एकटा इलेक्ट्रॉन धरला होता. ट्रॅपवाले समोरच्या बाजूने येऊन पोचले होते त्याच्या आधीच, २०१२ मधे बोल्डरला पेनिंग ट्रॅपमधे बेरिलियमचे साधारण ३०० आयन एका सपाट पातळीत, त्रिकोणी जाळीत, एकमेकांपासून २० मायक्रोमीटरवर मांडले गेले आणि लेसरने त्यांच्या स्पिनमधे चुंबकासारखी जोडणी तयार केली. ही जोडणी अंतराप्रमाणे किती झपाट्याने कमी व्हावी हे बटण फिरवून ठरवता येतं, मुख्यतः शेजाऱ्यांपुरती ठेवा नाहीतर सगळ्यांची सगळ्यांशी. फिल्ममधे निसर्गाने दिलं ते एक्सचेंज घ्यावं लागतं, जाडी आणि धातू बदलणं एवढंच हातात असतं. उलट फिल्म खोलीच्या तापमानाला, वर्षानुवर्षं, हार्ड डिस्कमधे बसून काम करते, आणि ३०० आयनचा हा थर प्रयोग चालू आहे तेवढा वेळच.

एमएस्सी करणाऱ्या कोणाला यातलं काही करायचं असेल तर आपल्याकडे आता जागा आहेत. २०२३ मधे मंजूर झालेल्या नॅशनल क्वांटम मिशनमधलं सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे, पुण्यात आयसर आणि आयुका आहेत, मुंबईत टीआयएफआर आहे. पण प्रवेशाआधी जमलं तर एखाद्या थिन फिल्म लॅबमधे उन्हाळ्याचे दोन महिने काढा, चेंबरचे जोड बंद करणारी तांब्याची चकती (कॉपर गॅस्केट) बसवून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळायला शिका, हिलियमने लीक शोधायला शिका, आरएफ मॅचिंग करायला, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीची पॉवर परत न येता चेंबरमधे नीट पोचवायला, शिका, मास स्पेक्ट्रममधे १८ ला पाणी आणि २८ ला नायट्रोजन ओळखायला शिका. हे सगळं ट्रॅपच्या लॅबमधे पहिल्या दिवसापासून लागतं, आणि ट्रॅपवरून फिल्मकडे गेलात तरी तसंच्या तसं लागतं.